यादी करणारा माणूस इतिहासकार असतो का? (लेओपोल्द द्लील आणि चोरीच्या पोथ्या)

रुमाल_नऊ

सुरुवात एका पत्रापासून झाली. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने २७ मे १६४१ ला मेर्सेन नावाच्या मित्राला लिहिलेलं पत्र. १९०२ पासून ते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्ड कॉलेजच्या संग्रहात निवांत पडून होतं. २०१० साली एका डच अभ्यासकाला इंटरनेटवर धुंडाळताना त्याचा पत्ता लागला आणि लक्षात आलं, की पॅरिसमधून चोरीला गेलेल्या कागदांपैकी हा एक. कॉलेजने काही खळखळ न करता ते फ्रान्सला परत दिलं. चोर होता काउंट गुल्येल्मो लिब्री.

लिब्रीबद्दल वाचायला बसलो आणि त्याचा माग काढणाऱ्या माणसातच अडकलो. लेओपोल्द द्लील. जन्म १८२६, नॉर्मंडीतलं वालोन्य हे गाव. पॅरिसच्या एकोल दे शार्तमधून (जुने दस्तऐवज वाचायला शिकवणारी शाळा) शिकला, १८५२ ला तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात लागला तो १९०५ पर्यंत तिथेच. १८७४ पासून संपूर्ण ग्रंथालयाचा प्रमुख. जन्मभर काय केलं? पोथ्या उघडल्या, पानं मोजली, कुठून आल्या ते लिहिलं, याद्या छापल्या. आणि त्या याद्यांच्या जोरावर चाळीस वर्षांपूर्वीची चोरी उघडी पाडली.

जेवताना हे भाच्याला सांगितलं. तो इतिहासात एम.ए. करतोय. म्हणाला, "मामा, हा इतिहासकार नव्हे, हा कॅटलॉगवाला." आमटी गार होईपर्यंत वाद चालला. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

आधी आमटीचं सांगा. परत गरम केली की नाही?

खारूताई

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. नाव 'डेलिस्ले' असं वाचलं होतं कुठेतरी.

सेनकाठची

खारूताई, त्या नावातला स नुसता शोभेचा आहे. 'द्लील' असंच म्हणतात, आणि तेही इतक्या घाईत की मला पहिल्यांदा 'दलील' ऐकू आलं. माणसाचं काम बघता तेही चाललं असतं.

मी अकरा वर्षं पॅरिसजवळ राहतेय. तो जिथे बसायचा ती रिश्लिय रस्त्यावरची जुनी इमारत दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा पूर्ण उघडली. तिथल्या लंबगोल दालनात कोणीही जाऊन बसू शकतं, कार्ड लागत नाही. एकोल दे शार्तही आता त्याच रस्त्यावर आहे. ही शाळा १८२१ साली निघाली. राज्यक्रांतीत मठांची दफ्तरं सरकारजमा झाली, पण ती वाचणारे साधू पांगले. कागद ढीगभर आणि वाचता येणारे मूठभर, म्हणून शाळा. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच.

मोडीवाला

शेवटच्या वाक्याला +१. फरक एवढाच की त्यांनी शाळा काढली तेव्हा वाचणारे थोडे तरी हयात होते.

अप्पा_बखरे

लिब्रीची गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर द्लीलचं मोठेपण कळणार नाही.

हा फ्लॉरेन्सचा. मोठा गणिती, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सदस्य, प्राध्यापक. १८४१ साली फ्रेंच सरकारने देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांची एकत्र यादी करायचं ठरवलं आणि त्या मंडळाचा सचिव नेमला कोणाला? यालाच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. हातात सरकारी पत्र, गावोगावची ग्रंथालयं उघडी, आणि बहुतेक ठिकाणी ग्रंथपालालाच ठाऊक नाही आपल्याकडे काय आहे ते. लिओं, तूर, ऑर्लेआँ, सगळीकडे हा जाऊन आला. कुठे अख्खी पोथी, कुठे पोथीतली निवडक पानं. शिक्के खरवडायचे, बांधणी बदलायची, जुन्या मालकाचं नाव पुसून इटलीतल्या मठाचं घालायचं. ऑर्लेआँच्या पोथ्यांवर फ्लरी मठाची खूण असायची. लॅटिनमध्ये फ्लरी आणि फ्लॉरेन्स ही नावं इतकी जवळची, की चार अक्षरं इकडची तिकडे केली की पोथी थेट इटलीत जन्माला येते.

१८४७ मध्ये त्याने १९२३ हस्तलिखितं इंग्लंडच्या लॉर्ड अ‍ॅशबर्नहॅमला ८००० पौंडांना विकली. १८४८ च्या फेब्रुवारीत क्रांती झाली, सरकार कोसळलं, आणि त्याच्याविरुद्धचा दाबून ठेवलेला अहवाल बाहेर आला. कुणीतरी वेळेवर कानात सांगितलं आणि गडी लंडनला पळाला. मागाहून १८ पेट्या पुस्तकं. १८५० मध्ये गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने एक दिवसही भोगली नाही.

गणिती

चोर होता हे कबूल, पण अडाणी चोर नव्हता. इटलीतल्या गणिती शास्त्रांच्या इतिहासाचे चार खंड त्याने लिहिलेत आणि त्यात मूळ कागदांचा वापर भरपूर आहे. गॅलिलिओ, फर्मा यांच्या कागदांची किंमत त्या काळात त्याच्याइतकी फार थोड्यांना कळत होती.

तिरकस

किंमत कळत होती म्हणूनच विकली ना.

अप्पा_बखरे

गणितीसाहेब, याच भलामणीपायी प्रॉस्पेर मेरिमे तुरुंगात गेला. हो, तोच, 'कार्मेन' ही कथा लिहिणारा. 'हा विद्वान निर्दोष आहे, न्यायाधीशांना पुस्तकातलं काही कळत नाही' अशा अर्थाचा लेख लिहिला आणि १८५२ मध्ये पंधरा दिवस आत बसला, वर हजार फ्रँक दंड. चोर लंडनमध्ये मेजवान्या झोडतोय आणि वकिली करणारा कोठडीत.

रुमाल_नऊ

धन्यवाद अप्पा. आता द्लीलने पकडलं कसं, ते मी सांगतो. धागा त्यासाठीच काढला.

लिओंच्या ग्रंथालयात बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची एक फार जुनी लॅटिन पोथी होती, मधली पानं गायब. तिकडे १८६८ साली म्हाताऱ्या अ‍ॅशबर्नहॅमने हौसेने आपल्या संग्रहातल्या एका पोथीचा मजकूर छापला: लेविटिकस आणि नंबर्स ही दोन पुस्तकं, अत्यंत प्राचीन भाषांतर. लॉर्डसाहेबांना अभिमान, की बघा माझ्याकडे काय आहे.

द्लीलने दोन्ही शेजारी ठेवली. लिओंच्या पोथीत जिथे भगदाड आहे, नेमका तिथेच लॉर्डसाहेबांच्या पोथीचा मजकूर बसतो. चोरीचा माल मालकानेच छापून जगाला वाटला होता! १८७८ मध्ये द्लीलने हे जाहीर केलं. त्याच वर्षी म्हातारा वारला, आणि मुलाने १८८० मध्ये ती पानं लिओंला परत केली.

इथे आरडाओरडा नाही, धाड नाही. कुठल्या पोथीत किती पानं असायला हवीत आणि किती आहेत, एवढंच. चोर पानं नेऊ शकतो, पान नसल्याची जागा नेऊ शकत नाही.

खारूताई

शेवटच्या वाक्यासाठी वाचनखूण साठवली.

कोरडा_पाऊस

मी भाच्याच्या बाजूने. (कोणीतरी हवंच.)

ही उत्तम गुप्तहेरगिरी झाली. पण इतिहासकाराचं काम 'असं का घडलं' हे विचारण्याचं. द्लील कागद शोधतो, तारीख लावतो, छापतो आणि थांबतो. त्या पिढीतल्या पुष्कळांचं हेच. मार्क ब्लोक हा विसाव्या शतकातला फ्रेंच इतिहासकार आणि त्याचे मित्र यांनी पुढे जे केलं, की समाजाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी शेताच्या बांधापासून करांपर्यंत सगळं उलथंपालथं करायचं, त्यापुढे हे म्हणजे स्वयंपाकाआधीची भाजी निवडणं. भाजी निवडावी लागतेच. पण ताटात ती कोणी केली म्हणून नाव होतं?

तिरकस

पुन्हा जेवणावर आलो. आमच्याकडे भाजी निवडणाऱ्याचं नाव होत नाही, पण अळी निघाली की पहिली त्याचीच आठवण.

मोडीवाला

कोरडा_पाऊस, उदाहरण चुकीच्या माणसावर टाकलंत. शेताच्या बांधाबद्दल म्हणताय, तर द्लीलचा पहिला मोठा ग्रंथ मध्ययुगातल्या नॉर्मंडीच्या शेतकऱ्यांवरच आहे. १८५१ चा, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेर लिहिलेला. खंड किती, मजुरी किती, मापं कुठली, कुठे काय पिकायचं, सफरचंदाची दारू कधी आली, तेव्हा नॉर्मंडीत द्राक्षमळे कसे होते, भूदासपण तिथे बाकी फ्रान्सपेक्षा किती लवकर संपलं, सगळं मठांच्या कागदांतून काढलेलं. पवनचक्कीचे युरोपातले अगदी सुरुवातीचे उल्लेख शोधताना ११८० च्या सुमाराचा एक नॉर्मन दानलेख अजून पुढे केला जातो, तोही त्यानेच उजेडात आणला. चोपन्न वर्षांनी, १९०५ ला, ग्रंथ जसाच्या तसा पुन्हा छापला गेला. राजे आणि लढाया सोडून कुळांच्या चुलीपर्यंत जाणारं लेखन १८५१ मध्ये किती जण करत होते?

शिवाय १८८९ चा टेम्पलर सरदारांवरचा प्रबंध. हे धर्मयोद्धे पॅरिसमध्ये सावकारी पेढी कशी चालवत, राजाचा खजिना कसा सांभाळत, हे हिशेबाच्या कागदांवरून. त्याला 'का' विचारता येत होतं. बिनकागदाचा 'का' तो विचारत नव्हता इतकंच.

कोरडा_पाऊस

शेतकऱ्यांवरचा ग्रंथ माहीत नव्हता. अर्धा मुद्दा मागे. अर्धा अजून माझ्याकडेच आहे.

नवखा_७७

पण मग तो अभिलेखपाल की ग्रंथपाल? दोन्ही वाचलं.

सेनकाठची

पदवीने अभिलेखपाल, नोकरीने ग्रंथपाल. एकोल दे शार्तची पदवीच 'अभिलेखपाल आणि पुरालिपीतज्ज्ञ' अशी असते, मग माणूस पुढे कुठेही चिकटो. आपल्याकडे बी.ई. मेकॅनिकल होऊन बँकेत जातात तितकं काही ते लांबचं नाही.

आता माझा मुद्दा. बेरीच्या ड्यूकची 'त्रे रिश अर' माहीत असेल. बारा महिन्यांची चित्रं असलेली, निळ्या रंगाची ती प्रार्थनापोथी. पॅरिसजवळच्या शांतियीच्या राजवाड्यात असते, एरवी कोणाला दाखवत नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात तिचं प्रदर्शन होतं, महिन्यांची पानं दुरुस्तीसाठी सुटी केलेली, म्हणून सगळी एकदम बघता आली. मी फेब्रुवारीसमोर उभी राहिले. बाहेर बर्फ, आत चुलीपाशी शेकणारी माणसं, कपडे गुडघ्यांच्या वर. मागून एक आजी हसत होत्या.

ही पोथी ड्यूक ऑफ ओमालने १८५६ मध्ये जेनोव्हात विकत घेतली. तेव्हा ती नेमकी काय, चित्रकार कोण, काही नक्की नव्हतं. १८८४ मध्ये द्लीलने तिची गाठ बेरीच्या ड्यूकच्या मृत्यूनंतर, १४१६ ला झालेल्या मालमत्तेच्या मोजदादीशी घातली. त्या मोजदादीत एक ओळ आहे: पोल आणि त्याचे भाऊ यांनी केलेल्या एका अतिशय श्रीमंत प्रार्थनापोथीच्या सुट्या वह्या. 'अतिशय श्रीमंत' म्हणजेच 'त्रे रिश'. लिंबूर्ग बंधूंचं नाव त्या चित्रांना या ओळीवरून मिळालं आणि पोथीचं आजचं नावही तिच्यातूनच. भाच्याला सांगा, सगळं जग ज्या नावाने ही पोथी ओळखतं, ते नाव एका कारकुनाच्या यादीतलं आहे.

रुमाल_नऊ

सांगितलं. म्हणाला, "हं." त्याच्या भाषेत हा पराभव असतो.

पालीप्रेमी

एक आडवाट घेते. द्लीलचं लग्न १८५७ साली लॉर ब्युर्नुफ हिच्याशी झालं. ब्युर्नुफ म्हटलं की आम्हा लोकांचे कान टवकारतात. हो, तेच, एउजेन ब्युर्नुफ यांची मुलगी. संस्कृत, पाली, अवेस्ता (पारशी धर्मग्रंथांची भाषा) तिन्हींत तो माणूस डोंगराएवढा. भागवत पुराणाचं फ्रेंच भाषांतर त्यांनी १८४० पासून काढायला घेतलं, भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाचा पहिला मोठा ग्रंथ १८४४ चा, सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राचं भाषांतर १८५२ ला, त्यांच्या निधनानंतर. मॅक्स म्युलर त्यांच्याच वर्गात बसला होता.

अवेस्तावर काम करताना त्यांच्यापुढे ज्या पोथ्या होत्या, त्या आंकतील-द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाने सुरतेच्या पारशी दस्तुरांकडे शिकून आणलेल्या आणि १७६२ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात ठेवलेल्या. म्हणजे सुरतेहून गेलेल्या पोथ्यांवर सासऱ्याने आयुष्य घालवलं आणि त्याच ग्रंथालयाच्या हस्तलिखितांची राखण पुढे जावयाकडे आली. सासरेबुवा मात्र लग्नाआधी पाच वर्षंच गेलेले, जावई त्यांनी पाहिला नाही. वडिलांची निवडक पत्रं लॉरने १८९१ मध्ये छापून काढली. नवऱ्याच्या कामातही तिचा हात होता.

खारूताई

नवऱ्याच्या याद्यांत तिचं नाव कुठे आलं का, हे विचारणार होते. राहू दे, उत्तर माहीत आहे.

तिरकस

एवढा वेळ गप्प बसलो (म्हणजे त्या मानाने). आता मानेसेचं बोलू या की नको? द्लीलभक्त त्यावर बोलत नाहीयेत.

चोरीचे पुरावे झाले, वाहवा झाली, पण पोथ्या परत कशा आल्या? १८८८ मध्ये श्ट्रासबुर्गच्या ट्र्युब्नर नावाच्या पुस्तकविक्रेत्यामार्फत. त्याने अ‍ॅशबर्नहॅमकडून लिब्री आणि बारोआ (अ‍ॅशबर्नहॅमने ज्याचा संग्रह घेतला होता असा आणखी एक संग्राहक) यांच्या संग्रहांतली १६६ हस्तलिखितं मिळवली. त्या बदल्यात पॅरिसने दिलं काय? दीड लाख फ्रँक आणि वर मानेसे पोथी! चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, जर्मन प्रेमकवींची, पानभर चित्रांची. १६५७ पासून पॅरिसच्या राजग्रंथालयात होती. ती गेली हायडेलबर्गला. आपल्याच घरातनं चोरलेली भांडी परत आणायला देव्हाऱ्यातली मूर्ती दिली, वर दक्षिणा.

अप्पा_बखरे

तिरकसराव, मूर्ती कुणाच्या देव्हाऱ्यातली, तेही बघा. मानेसे पॅरिसला येण्याआधी हायडेलबर्गच्या राजवाड्यात होती, तीस वर्षांच्या युद्धात तिथून निघाली. जर्मन तिच्यासाठी किती वर्षं हात पसरून होते. फ्रान्सला तिच्यातली भाषा परकी, आणि या १६६ मध्ये फ्रान्सच्या मठांचा आतड्याचा इतिहास.

आणि दुसरा रस्ता कोणता होता? विकणारा इंग्रज लॉर्ड, माल त्याच्या बापाने रोख पैसे मोजून घेतलेला, तिथल्या कायद्यापुढे फ्रान्सची ओरड चालली नसती. १८८३ मध्ये द्लीलने अकादमीत जाहीर निबंध वाचला तो याचसाठी, की हा माल चोरीचा आहे हे सगळ्या गिऱ्हाइकांना कळावं. त्याच सुमारास ब्रिटिश म्युझियमला सगळा संग्रह घ्यायचा होता, पण तिथल्या खजिन्याने पैसे दिले नाहीत. लिब्री संग्रहाचा मोठा भाग १८८४ मध्ये इटलीने नेला, तो आज फ्लॉरेन्सला आहे. आणखी दहा वर्षं मान वर करून बसला असता तर १६६ पण गेल्या असत्या.

कोरडा_पाऊस

या एका मुद्द्यावर मी तिरकसच्या बाजूने. चोराच्या गिऱ्हाइकाला पैसे दिले की पुढच्या चोराला बाजारभाव कळतो.

नवखा_७७

आमच्या गावच्या वाचनालयात (नाव नको) विश्वकोशाच्या खंडातली पानं ब्लेडने कापलेली असायची. ग्रंथपाल काकांनी वहीत नोंद ठेवली होती, कुठल्या खंडातलं कुठलं पान. आम्ही त्यांना हसायचो. कापणारा सापडला नाही, पण नवीन मुलाला खंड देताना काका आधी वही उघडून सांगायचे, "अमुक पान नाही, तुझ्या नावावर लागायला नको."

मोडीवाला

नवखा, हा किस्सा आवडला.

दोन दिवस धाग्यावर नव्हतो. एक गोष्ट राहिली होती आणि माझ्या मते मूळ प्रश्नाला तीच भिडते.

द्लील पोरगा असताना वालोन्यमध्ये जेरव्हील नावाचे एक वयस्क पुराणवस्तूवेडे गृहस्थ राहत. वास्तुकलेतल्या 'रोमनेस्क' शैलीला फ्रेंचमध्ये नाव देणारे तेच. राज्यक्रांतीनंतर वाऱ्यावर पडलेले मठांचे कागद ते गोळा करत आणि नकलून घेत. जुनी अक्षरं वाचायला त्यांनी या डॉक्टरच्या मुलाला शिकवलं. मुलगा कागद उतरवत बसायचा, आणि ती खोड पुढेही गेली नाही. नॉर्मंडीतल्या मठांचे दानलेख, बाडंच्या बाडं, हाताने.

मूळ कागद सँ-लोच्या जिल्हा दफ्तरखान्यात होते. ६ जून १९४४, नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं. त्या रात्री सँ-लोवर बॉम्ब पडले आणि दफ्तरखाना जळाला. माँ-सँ-मिशेल मठाचं दफ्तर, आसपासच्या मठांचं, सगळं. आठ-नऊशे वर्षांची राख. आज त्या मठांच्या इतिहासावर काम करणारा माणूस पुष्कळ ठिकाणी कशावर काम करतो? जेरव्हील आणि द्लील यांच्या नकलांवर.

जुन्या दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सोडताना मी स्वतः बघितलंय, वरचे दोन-तीन बंद, म्हणजे कागद, वाळवीने खाल्लेले आणि आत कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, 'यात इतके बंद, अमुक ते तमुक सालचे'. खाल्लेल्या भागाबद्दल माझ्या हातात तेवढंच असतं. ती चिठ्ठी लिहिणारा इतिहासकार होता की नाही, हे विचारायची मला तिथे सवड नसते.

कोरडा_पाऊस

सँ-लोचं माहीत नव्हतं. उरलेला अर्धा मुद्दाही घ्या.

सेनकाठची

जाता जाता. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या छापील पुस्तकांच्या सर्वसाधारण यादीचा पहिला खंड १८९७ मध्ये द्लीलच्याच प्रस्तावनेसह निघाला. लेखकांची आद्याक्षरं संपायला १९८१ उजाडलं, खंड झाले २३१. तो स्वतः १९०५ मध्ये निवृत्त झाला, खरं तर केला गेला, आणि त्याच वर्षी लॉर गेली. मग शांतियीच्या संग्रहाचं काम, फ्रान्सचा राजा चार्ल्स पाचवा याच्या ग्रंथसंग्रहावरचे दोन खंड (१९०७, म्हणजे ऐंशीला टेकताना). १९१० च्या जुलैमध्ये शांतियीतच वारला.

मोडीवाला

१९१० चा जुलै? त्याच महिन्याच्या ७ तारखेला पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. संबंध काही नाही, योगायोग. पण गंमत वाटली.

पालीप्रेमी

आणि १९०२ मध्ये द्लीलच्या लेखनाची यादी हेच एक स्वतंत्र पुस्तक म्हणून निघालं होतं. यादीवाल्याची यादी.

रुमाल_नऊ

भाच्याने काल रात्री हा धागा वाचला. त्याला प्रबंधासाठी आमच्या आजोळच्या ट्रंकेतले कागद हवे आहेत. म्हटलं, आधी मोजून लिहून काढ, मग किल्ली. रविवारी बसतोय. मोडीवाले, तीन चोपड्या मोडीतल्या दिसतात, फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवू का?

मोडीवाला

पाठवा. पण फोटोआधी प्रत्येक चोपडीची पानं मोजा, कोरी धरून. आणि शिवण सोडू नका.

तिरकस

मोजा, मोजा. मानेसे दिली ते चुकलंच, हे मात्र माझ्या नावावर लिहून ठेवा.